"आमच्या पिल्लूचा पंजा एवढा मोठा?"

पत्र : वसई परिसरातल्या एका पाळणाघरात, अगदी तान्ह्या मुलांच्या वर्गात काम करणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. वर्गात ७ ते १८ महिन्यांची ११ बाळं. सांभाळायला त्या, आणखी एक ताई आणि एक मावशी. नाताळच्या सुटीआधी प्रत्येक बाळाच्या 'हातची' तीन क्राफ्ट्स घरी गेलीच पाहिजेत, असा मॅडमचा दंडक : पायाच्या ठशाचं रेनडिअर, हाताच्या ठशांचं ख्रिसमस ट्री आणि कापसाच्या दाढीचा सांता. गेल्या वर्षी नऊ महिन्यांच्या एका बाळाचं मनगट धरून ताई तळहाताला रंग लावायला गेल्या, तर त्यानं मूठ आवळली आणि असा टाहो फोडला की दुसऱ्या दिवशी ताईंना पाहताच ते आईला बिलगलं. दुसऱ्या एकीनं सांताची दाढी तोंडात कोंबली. मावशींनी बोट घालून ती काढली. शेवटी उरलेले सगळे ठसे ताईंनी घरी रात्री जागून, सहा वर्षांच्या भाचीच्या हातांचे घेतले. सुटीनंतर एक आई हसत म्हणाली, "आमच्या पिल्लूचा पंजा एवढा मोठा?" ताईही हसल्या, पण ते वाक्य वर्षभर डोक्यातून गेलं नाही. यंदाही यादी तीच आहे. त्या विचारतात : "मला क्राफ्ट शिकवायला जमत नाही का? इतक्या लहान बाळांकडून सोपं असं काय करून घेता येईल? आणि मॅडमना सांगायचं कसं?"

उत्तर :

प्रिय ताई,

भाचीच्या पंजाचं वाचून मला आधी हसू फुटलं आणि लगेच माझे चौदा बैल आठवले. माझं स्वतःचं पाळणाघर होतं तेव्हाची गोष्ट. पोळ्याच्या आदल्या रात्री मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी मातीचे चौदा बैल वळत बसले होते. प्रत्येकाच्या पोटाखाली एकेका बाळाचं नाव कोरलं. दुसऱ्या दिवशी एका आईनं मोठ्या कौतुकानं लेकाच्या हातात 'त्यानंच केलेला' बैल ठेवला, तर त्यानं पहिल्या झटक्यात शिंग मोडून तोंडात घातलं. तेव्हा तुम्हाला उपदेश करण्याचा अधिकार मला फारसा नाही. अनुभव मात्र दांडगा आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नापाशी मी जरा अडले. शिकवायला जमत नाही का, म्हणता. पण शिकवायचं काय होतं? क्राफ्ट म्हणजे एक वस्तू मनात आणायची आणि हातांनी घडवायची. नऊ महिन्यांच्या बाळाच्या मनात रेनडिअर येणार कुठून? वसईतल्या त्याच्या आजोबांनीही तो प्राणी कधी पाहिलेला नसेल. बाळाला माहीत असतं ते इतकंच : हे गार लागतंय, हे ओढलं की फाटतं, फाटलं की आवाज येतो, आणि हे तोंडात घातलं की सगळे धावत येतात. त्याचा सगळा उद्योग एवढ्यातच चालतो आणि त्यात ते भलतं मन लावून गुंततं.

दिवाळीतला किल्ला आठवा. दोन वर्षांच्या चिरंजीवांचा किल्ला म्हणजे बाबांनी दगड रचायचे, काकानं माती लिंपायची, ताईनं मावळे मांडायचे. चिरंजीवांकडे एकच काम, अळीव पेरायचे, आणि तेही ते मूठभर एकाच जागी ओततात. तरी "आमच्या सोनूचा किल्ला बघायला या" म्हणताना कुणालाही संकोच वाटत नाही, कारण येणाऱ्यालाही ठाऊक असतं की किल्ला कुणी बांधलाय. तुमच्याकडे बिनसलं ते कागद तुम्ही कापलात म्हणून नव्हे. खाली 'मी बनवलं' असं लिहावं लागलं आणि वर भाचीचा हात लावावा लागला, तिथे बिनसलं. ते वाक्य वर्षभर टोचलं ते त्याचमुळे. टोचलं हे चांगलंच झालं.

आता त्या आवळलेल्या मुठीबद्दल. नवजात बाळाच्या तळहाताला काही टेकलं की मूठ आपोआप मिटते. ती प्रतिक्षिप्त क्रिया साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत मावळते. म्हणजे नऊ महिन्यांच्या बाळानं मिटलेली मूठ आपोआप मिटलेली नव्हती. गार, बुळबुळीत ब्रश आणि मनगटावर मोठ्या माणसाची पकड. त्यावर बोलता न येणाऱ्या माणसानं दिलेलं ते स्पष्ट 'नको' होतं. पायाचं मात्र वेगळं. तळपायाला दाब दिला की बोटं आत वळण्याची खोड वर्षाच्या आसपासपर्यंत टिकते. म्हणून तुमच्या रेनडिअरांना टाच मस्त येते आणि बोटं गायब होतात. यात बाळाचाही दोष नाही आणि तुमचाही.

ठसा घ्यायचाच असेल तर पाय कागदावर दाबू नका, कागद पायाकडे न्या. बाळ मावशींच्या मांडीवर, पाठ त्यांच्या पोटाला टेकलेली, पाय मोकळे लोंबते. रंग कोमट. ब्रश नको, तुमच्या बोटानंच लावा. कागद एका वहीवर किंवा पाटीवर चिकटवून टाचेकडून बोटांकडे नुसता टेकवत न्या. एकदाच. हुकला तर हुकला. आणि झोपलेल्या बाळाचे ठसे घेण्याची युक्ती बऱ्याच जणी सुचवतात; मला ती आवडत नाही. झोपेत चोरलेला ठसा आणि भाचीचा ठसा यांत मला फार फरक दिसत नाही.

आता सोपं काय, ते सांगते. एक गोष्ट धरून चाला : या वयाला काढता येतं, लावता येत नाही. वस्तू पकडणं सहाव्या महिन्यात जमतं, पण ठरवून सोडणं जमायला नववा ते बारावा महिना उजाडतो. आणि ठसे सोडले तर तुमच्या यादीतलं सगळं काम चिकटवण्याचं! झाडावर लाल गोळे चिकटवा, सांताला दाढी चिकटवा. त्यापेक्षा बडवणं, हलवणं, ओढून काढणं, खाली टाकणं ही त्यांची हुकमी कामं घ्या.

माझ्या सगळ्यात लाडक्या प्रकाराला आम्ही 'खुळखुळा' म्हणायचो. दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घ्या. आतल्या बाजूनं कार्डपेपरची पट्टी गोल बसवा, दोन चमचे रंग टाका आणि टेबलटेनिसचे दोन चेंडू सोडा. झाकण लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा. आता डबा बाळाच्या हवाली. सात महिन्यांचं असेल तर ते डबा बडवेल, दहा महिन्यांचं लोटेल आणि मागे रांगत जाईल, दीड वर्षाचं दोन्ही हातांनी धरून कानाशी नेऊन हलवेल. दोन मिनिटांनी, डबा त्याच्या हातातून गेल्यावर, तुम्ही तो उघडा. आत चेंडूंनी काढलेल्या लाल-हिरव्या रेघांची जाळी असते, प्रत्येकाची वेगळी. आदळआपट करणाऱ्याची दाट, शांत बाळाची विरळ. तो कागद वाळवून तुम्ही त्याचा तारा कापा. एक थेंब रंग बाळाच्या अंगाला लागत नाही, आणि खाली 'रंगकाम बाळाचं, कात्री ताईंची' असं लिहिलंत तर ते अक्षरशः खरं असतं.

दुसरा प्रकार झिपच्या पिशवीचा. जाड कागदावर रंगाचे चार-पाच थेंब टाकून कागद पिशवीत सरकवायचा, हवा काढून पिशवी बंद करायची आणि चारही कडांनी जमिनीला पक्की चिकटवायची. बाळ वर पालथं पडून चापट्या मारतं, रंग आत पसरतो. काम झालं की पिशवी लगेच उचलून वर ठेवायची. प्लॅस्टिकची पिशवी बाळाच्या हाताशी क्षणभरही सुटी राहता कामा नये.

वर्षापुढच्या मुलांसाठी भेंडी. जाड भेंडीचं देठाकडचं टोक कापा आणि कापलेली बाजू रंगात बुडवून लांबट भाग मुलाच्या मुठीत द्या. आडव्या कापलेल्या भेंडीचा ठसा म्हणजे आयता पाच कोनांचा तारा. डिसेंबरात वसईत घरोघरी टांगलेले असतात ना, त्यांचंच पिल्लू. एका मुलाशेजारी एक मोठं माणूस बसलेलं हवं, कारण तिसऱ्या ठशानंतर भेंडीचा चावा घेतला जातोच. तो तुकडा घशात अडकू शकतो, म्हणून चाव्याची वेळ आली की खेळ संपला.

झाड हवंच असेल तर भिंतीला, बाळांच्या उंचीवर, हिरव्या जाड कापडाचं मोठं झाड लावा आणि त्यावर वेल्क्रोनं तळहाताएवढे कापडी तारे-चेंडू. ते सजवतील अशी आशा धरू नका. ते झाड उजाड करतील; तुम्ही पुन्हा भरा, ते पुन्हा उजाड करतील. चर्रर्र असा तो वेल्क्रोचा आवाज आला की बाकीची सगळी रांगत गोळा होतात. यातून घरी पाठवण्यासारखं काहीच हाती लागत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला नाताळ हाच.

नाताळचा गोठा आठवून पाहा. त्याची कूळकथा असिसीकर संत फ्रान्सिस यांच्यापाशी नेतात. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात त्यांनी गव्हाणीत गवत भरलं, खराखुरा बैल आणि गाढव आणून उभं केलं, आणि लोकांना म्हणाले, या. जन्माची ती रात्र लोकांना दिसावी, तिचा वास यावा, एवढाच बेत. तुमच्या बाळांनाही नाताळ असाच नाकातोंडातून कळणार आहे. एका टोपलीत दोन-चार अख्खी संत्री, स्टीलची वाटी, लाल मखमलीचा मोठा तुकडा आणि दालचिनीची पुरचुंडी ठेवा. सर्दीत ओव्याची करतो तशीच, पण दुहेरी मलमलीत घट्ट शिवलेली. दालचिनीची पूड उघडी नको, नाकात गेली की झोंबते. संत्र्याच्या मागे रांगत जाणारं बाळ पाहिलंत की सांताची दाढी आठवणारही नाही.

दाढीवरून आठवलं. कापूस या वर्गातून हद्दपार करा. ओला झाला की त्याचा बोळा होतो आणि तो घशाला चिकटतो. तसंच ग्लिटर, टिकल्या, मणी, घुंगरं. मोजायला एक घरगुती उपाय सांगते : तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाची नळी वापरतात, तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू धोक्याची धरतात. तुमच्याकडे ती नळी नसेल; किचन टॉवेलच्या आतली पुठ्ठ्याची नळी थोडी मोठी असते, म्हणून उलट जास्तच काटेकोर. तिच्यातून जे आरपार जातं ते बाळांच्या खोलीत नको. टेबलटेनिसचा चेंडू ४ सेंटिमीटरचा असतो, तरी तो बंद डब्यातच ठेवायचा, कारण चेपला की फुटतो आणि तुकड्यांना धार येते.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे बटणाएवढा सेल. सजावटीच्या लुकलुकणाऱ्या मेणबत्त्यांत आणि गाणाऱ्या शुभेच्छापत्रांत तो असतो. गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठायचं. ही सजावट वर्गात आणूच नका, पालकांनी हौसेनं आणून दिली तरी.

मावशींनी तोंडात बोट घातलं ते मायेपोटीच. पण त्यांना सांगा, वस्तू डोळ्यांना दिसत असेल तरच चिमटीत धरून काढायची. न दिसता बोट फिरवलं तर ती आणखी आत जाते. घास खरोखर अडकला तर वर्षाच्या आतल्या बाळाला हाताच्या आधारावर पालथं, डोकं खाली करून पाठीवर खांद्यांच्या मध्ये ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब, हे आलटून-पालटून, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणी मदतीला फोन. वाचून हे हातात बसत नाही. एखाद्या डॉक्टरांना बोलावून तिघींनी बाहुलीवर करून बघा. नाताळच्या खर्चात पैसे घालायचेच तर आधी इथे.

रंग घरीच करा. कपभर पाण्यात दोन चमचे कॉर्नफ्लॉर शिजवलं की छान खळ होते. लालसाठी बिटाचा रस, हिरव्यासाठी पालकाचा. हळदीचा पिवळा सुंदर येतो, पण पालकांचे बोल खायची तयारी ठेवा. खळ रोज ताजी, उरली तर टाकून द्यायची. बाळानं घरी खाल्लेले पदार्थच घ्या. हे आदल्या आठवड्यात एकेका आईला विचारून लिहून ठेवा. 'खाता येणारा रंग' म्हणून मध घालून करायच्या कृती फिरत असतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडात मध जाता कामा नये. मिठाच्या कणकेचे ठसेही नकोत, त्यात मीठ फार असतं आणि कणीक हातात आली की ती खाल्लीच जाते. बाजारच्या रंगावर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ तो चाटायला आहे असा होत नाही.

वेळापत्रक माझं असं असे : १ डिसेंबरपासून दिवसाला एकच बाळ. सकाळची झोप आणि दूध झालेलं, बाकीची बरीचशी झोपलेली. पाच मिनिटं. मान फिरवली, अंग ताठ केलं, मूठ मिटली की थांबायचं, दोन दिवसांनी पुन्हा विचारायचं. दोनदा नको म्हणालं तर कोरा कागद घरी जातो; त्यावर तारीख आणि 'रंग नको म्हणाला, संत्रं मात्र सोडलं नाही.' हसू नका, असा एक कागद फ्रेम करून भिंतीवर लावलेलं घर मी पाहिलंय.

मग प्रश्न मॅडमचा. पालकांना क्राफ्ट हवं असतं, हे तुम्ही दोघींनीही गृहीत धरलंय. कुणी विचारलंय का? दिवसभर बाळापासून लांब असलेल्या आईला हवा असतो तो दिवसातला एखादा तुकडा, जो तिच्या नजरेतून निसटला. तो तुकडा म्हणजे ३३ एकसारखी रेनडिअर-झाडं-सांता नव्हेत. (अकरा त्रिक तेहेतीस, हा आकडा मॅडमना तोंडानं म्हणून दाखवा, कागदावर नुसती 'तीन क्राफ्ट्स' वाचताना तो दिसत नाही.) नाताळ आपल्यात नसतो म्हणणारं एखादं घर असलं, तर त्यांनाही भिंतीवरचा रेघांचा तारा खुपत नाही, दिवाळीच्या आकाशकंदिलाचाच तो भाऊबंद.

मॅडमकडे तक्रार घेऊन जाऊ नका, तयार तारा घेऊन जा. एका बाळाचा आधीच करून ठेवा. साधारण असं म्हणता येईल : "मॅडम, यंदा तीनऐवजी एकच करू या, पण खरोखर बाळांनी केलेलं. हा बघा नमुना. मागे दोन ओळी आम्ही लिहू, त्या दिवशी बाळानं काय केलं त्याच्या. आणि गेल्या वर्षी एकीच्या तोंडात कापूस गेला होता, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं." हे शेवटचं टाळू नका. ते त्यांना कळायलाच हवं, आणि उशिरा का होईना तुमच्याकडूनच. भाचीचं सांगायचं की नाही, ते तुमच्यावर सोडते; मी असते तर सांगितलं असतं, शेवटी, चहा पिताना.

त्या ऐकतील असं मला वाटतं, कारण एक तारा तीन सांतांपेक्षा स्वस्त पडतो. नाहीच ऐकलं, तीन म्हणजे तीनच, तर उरलेले दोन तुम्ही करा, पण पाळणाघराच्या वेळेत आणि 'ताईंकडून भेट' असं लिहून. रात्री जागून नाही. मनगट धरून ठसा घ्या म्हणाल्या तर तिथे मात्र नाही म्हणा. ती एकच जागा मी तुम्हाला अडून राहायला सांगेन.

राहता राहिला सांताचा वेश घालून येणारा कुणी तरी. साधारण आठव्या महिन्यापासून अनोळखी माणसाची भीती सुरू होते, आणि दाढीमागे तोंड लपवलेला माणूस म्हणजे अनोळख्यांचा राजा. त्याला दाराशी उभं राहून हात हलवू दे, बाळं तुमच्या कडेवर. मांडीवर बसवून रडता फोटो काढायची फार हौस असते लोकांना.

आणि त्या आईला यंदाचा खरा तारा देताना पंजाचं सांगून टाका. ती हसली होती, म्हणजे तिनं ओळखलंच होतं. गेल्या वर्षीचं झाड अजून तिच्याकडे असेल तर ते परत मागून घ्या. तो तुमच्या भाचीचा सहाव्या वर्षीचा हात आहे, आणि तिच्या आईकडे त्याचा एकही ठसा नसेल.